उत्प्रेरकांच्या औष्णिक चाळणीत क्रमवारी दर खेपेस का बदलते

समस्या अशी आहे. एकाच ताटलीतील सोळा खळग्यांत उत्प्रेरकांचे सोळा नमुने भरून, त्यांच्यावरून मिथेन मिसळलेली हवा सोडून, कोणता नमुना अधिक तापतो हे अवरक्त कॅमेऱ्याने पाहिले, तर सोमवारी पहिला आलेला नमुना गुरुवारी सहावा येतो. ताटली फिरवून ठेवली की क्रम पुन्हा बदलतो. त्यातही सर्वांत गरम दिसलेला नमुना नळीत भरून वायू-विश्लेषकावर तपासला, तर तो मिथेन जेमतेम जाळतो आहे असे आढळते. ही अडचण एकदा सोडवली की संपली, अशी नाही. विद्यार्थी बदलले, कॅमेरा बदलला किंवा नुसता ऋतू बदलला तरी ती नव्या रूपात परत येते.

पुण्यातील ज्या प्रयोगशाळेत मी हे काम पाहतो, तिथे उत्प्रेरकांची मागणी मुख्यतः दोन दिशांनी येते. चाकण-भोसरी पट्ट्यातील रंगकामाच्या भट्ट्यांमधून निघणारी टोल्यूइन-झायलिनसारख्या द्रावकांची वाफ कमी तापमानाला जाळायची असते, आणि वायूवर चालणाऱ्या इंजिनांच्या धुरात उरलेले मिथेन जाळायचे असते. दोन्हींसाठी शेकडो मिश्रणे करून पाहावी लागतात. एकेक नमुना नळीत भरून त्याचे पूर्ण मोजमाप करायला एक दिवस जातो, म्हणून आधी उष्णतेवरून चाळणी करणे हा मार्ग योग्यच आहे. १९९६ साली ह्यूस्टन विद्यापीठातील गटाने अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर) बसवलेल्या धातूंची हायड्रोजनच्या ज्वलनासाठी अशी चाळणी अवरक्त चित्रांवरून केली, आणि १९९८ साली जर्मनीत होल्झवार्थ, श्मिट आणि मायर यांनी पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेची, म्हणजे तापलेला पृष्ठभाग किती प्रमाणात प्रारण सोडतो याची, दुरुस्ती करून तीच पद्धत बरीच अचूक केली. पद्धतीत दोष नाही. ती नेमके काय मोजते याचा विसर पडतो, आणि बहुतेक सर्व चुका तिथूनच जन्म घेतात.

मोजायची गोष्ट किती लहान आहे, हे आधी पाहू

मिथेनचा एक मोल पूर्ण जळला की सुमारे ८०२ किलोज्यूल उष्णता निघते. कार्बन मोनॉक्साइडचा एक मोल जळला तर सुमारे २८३. हवेत एक टक्का मिथेन असेल आणि ते उष्णता बाहेर न जाता पूर्ण जळले, तर वायूचे तापमान अंदाजे २५० अंशांनी वाढेल. एक टक्का कार्बन मोनॉक्साइडने ही वाढ जेमतेम ९० अंशांच्या आसपास राहील. हे आकडे ऐकून नवखा माणूस निश्चिंत होतो. पण आता प्रत्यक्ष मांडणी पाहा. पूर्ण ताटलीवरून मिनिटाला १०० मिलिलिटर मिश्रण जात असेल, तर त्यातले सगळे मिथेन जळूनही एकूण साधारण अर्धा वॉट उष्णता मिळते. ती सोळा खळग्यांत वाटली की प्रत्येकी सुमारे ३४ मिलिवॉट, आणि नमुन्यांमधील फरक खरोखर जिथे दिसतो त्या दहा टक्के ज्वलनाच्या टप्प्यावर तीन-साडेतीन मिलिवॉट. त्यातली बरीचशी ताटलीच्या धातूतून आणि वरून जाणाऱ्या वायूतून निघून जाते. आमच्या मांडणीत खरा संकेत म्हणून जे हाती उरते, ते एक ते चार अंश असते.

आता त्याच्या शेजारी कॅमेऱ्याची चूक ठेवा. अवरक्त कॅमेरा तापमान मोजत नाही. तो प्रारण मोजतो आणि पृष्ठभागाची उत्सर्जकता गृहीत धरून त्यावरून तापमानाचा आकडा काढतो. ४०० अंश सेल्सियसला, ४ मायक्रोमीटरच्या आसपास पाहणाऱ्या कॅमेऱ्यात उत्सर्जकता दहा टक्क्यांनी चुकली तर तापमान सुमारे १२ अंशांनी चुकते. १० मायक्रोमीटरच्या कॅमेऱ्यात हीच चूक २५ अंशांच्या पुढे जाते. म्हणजे शोधतो आहोत ते चार अंश, आणि पावडरीच्या रंगाने पडणारा फरक बारा ते पंचवीस अंश. फिकट अ‍ॅल्युमिना मध्यम अवरक्त पट्ट्यात कमी प्रारण सोडते, तर तांबे, मँगनीज, कोबाल्ट यांची काळी ऑक्साइडे भरपूर सोडतात. सगळी ताटली एकसारखी तापलेली असली तरी चित्रात काळे खळगे उजळ आणि पांढरे खळगे मंद दिसतात. दुरुस्ती न केलेल्या चित्रावरून काढलेली क्रमवारी ही बऱ्याच अंशी रंगांची क्रमवारी असते.

पहिली तपासणी : इंधन बंद करा

एका जुलै महिन्यातली सकाळ मला अजून आठवते. आमच्याकडे प्रकल्पासाठी आलेली एक विद्यार्थिनी रात्रीच्या रनची (चाचणीच्या फेरीची) चित्रे छापून घेऊन आली होती. “सर, अकरा नंबर बघा, बाकी सगळ्यांपेक्षा नऊ अंशांनी वर आहे,” असे ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आनंद होता तो रास्तच होता, कारण त्या खळग्यातले तांबे-मँगनीज मिश्रण तिने स्वतः तीन वेळा धुऊन, वाळवून बनवले होते. मी तिला एवढेच सांगितले की भट्टी ३२० अंशांवर तशीच राहू दे, मिथेन बंद कर आणि तेवढाच नायट्रोजन त्याच्या जागी सोड. आम्ही दोघे पडद्यासमोर वीस मिनिटे बसलो. अकरा नंबर नऊ अंशांनी वरच राहिला. त्याच वेळी डाव्या कोपऱ्यातला तीन नंबर, फिकट तपकिरी पॅलेडियम-अ‍ॅल्युमिना, जो चित्रात शेजाऱ्यांपेक्षा मंद दिसत होता, तो हळूहळू आणखी दोन अंशांनी खाली उतरला. मिथेन पुन्हा सुरू केले आणि तो दोन अंश वर आला. अकरा नंबर हलला नाही. जळत होते ते तीन नंबरात.

तेव्हापासून आमच्याकडे हा नियम आहे की इंधन चालू-बंद करून जो खळगा वर-खाली होत नाही, त्याचे कोणतेही तापमान वहीत लिहायचे नाही. चालू-बंद एकदा नव्हे, तीनदा करावे. तापमानातील सावकाश सरक, भट्टीचे चढउतार आणि कॅमेऱ्याच्या शोधकाचे भटकणे इंधनाच्या तालावर चालत नाही; खरे ज्वलन चालते. आपली मांडणी बिघडली आहे की नमुना निकामी आहे याचा निवाडा या एका तपासणीने निम्म्याहून अधिक वेळा होतो, आणि तिला लागतो फक्त एक तास.

बंद करताना एक पथ्य पाळावे. इंधनाची जागा तेवढ्याच नायट्रोजनने भरावी, पण उरलेली हवा तशीच ठेवावी. काही जण पार्श्वभूमीचे चित्र शुद्ध नायट्रोजनमध्ये घेतात आणि तिथे फसतात. ऑक्सिजन काढून घेतला की कॉपर ऑक्साइड क्षपित होऊ लागते, सिरियाचा (सिरियम ऑक्साइडचा) फिकट पिवळा रंग काळपट निळसर होतो, पॅलेडियम ऑक्साइडही बदलते; म्हणजे ज्या पृष्ठभागाची उत्सर्जकता आपण मोजली तो पृष्ठभाग प्रत्यक्ष प्रयोगात राहतच नाही. हायड्रोजनवर काम करणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण हायड्रोजनची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सात पट असते आणि त्याचे प्रमाण थोडे बदलले तरी ताटली किती थंड होते हेच बदलते.

उत्सर्जकतेची दुरुस्ती

चालू आणि बंद चित्रांची वजाबाकी केली की मोठी चूक जाते, पण पूर्ण जात नाही, कारण उरलेल्या दोन अंशांच्या फरकालाही उत्सर्जकतेचा गुणक लागलेलाच असतो. म्हणून इंधन नसलेल्या हवेत २५०, ३००, ३५० आणि ४०० अंशांवर ताटली प्रत्येकी किमान अर्धा तास स्थिर ठेवून चित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक खळग्यासाठी, शक्य असेल तर प्रत्येक चित्रबिंदूसाठी, कॅमेऱ्याचा आकडा आणि थर्मोकपलने (दोन धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमापकाने) मोजलेले खरे तापमान यांचा स्वतंत्र संबंध काढावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि नव्या ताटलीसाठी ते दर वेळी नव्याने करावे लागते. जुन्या ताटलीचा संबंध नव्या ताटलीला लावणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. पावडर थोडी सैल भरली गेली किंवा पृष्ठभाग खडबडीत राहिला तरी उत्सर्जकता बदलते, म्हणून नमुने एकाच मापाच्या, साधारण १५० ते २५० मायक्रोमीटरच्या कणांचे करून, खळग्याच्या कडेशी पट्टीने सपाट करून घ्यावेत.

ताटली चकचकीत स्टीलची असेल तर तिच्यावर आजूबाजूच्या गरम वस्तूंचे प्रतिबिंब पडते. ताटली थंड असताना कॅमेऱ्यासमोर हात धरून पाहावा. हाताची आकृती चित्रात दिसली तर भट्टीच्या तारांचे प्रतिबिंबही दिसणारच. पाटीच्या काळ्या दगडाची ताटली या कामाला फार चांगली, कारण तिच्यावरून अवरक्त किरण फारसे परावर्तित होत नाहीत आणि तिच्यातून एका खळग्याची उष्णता शेजारच्या खळग्यात स्टीलपेक्षा कमी जाते.

खिडकीचाही विचार हवा. साधी काच ३ मायक्रोमीटरच्या पुढे जवळजवळ अपारदर्शक असते आणि क्वार्ट्झही साधारण ४ च्या पुढे कामाचे नाही. मध्यम पट्ट्यातल्या कॅमेऱ्याला नीलम म्हणजे सफायर चालते, लांब पट्ट्यातल्या कॅमेऱ्याला झिंक सेलेनाइड किंवा बेरियम फ्लोराइड लागते. पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी स्वस्त पडते म्हणून काही जण घेतात. पुण्याच्या पावसाळ्यात ती पंधरवड्यात धुरकट होते आणि मग सगळेच नमुने दिवसेंदिवस थंड दिसू लागतात.

कॅमेरा वायूकडेही पाहतो

हा भाग बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरला जोरदार प्रारण सोडतो आणि शोषतो. ३ ते ५ मायक्रोमीटरच्या कॅमेऱ्याला तो पूर्ण दिसतो. एखादा नमुना खरोखर चांगला असेल तर त्याच्यातून निघालेला गरम कार्बन डायऑक्साइड प्रवाहाच्या दिशेने पुढच्या खळग्यांवरून वाहतो आणि ते खळगे विनाकारण उजळ दिसतात. वाईट म्हणजे ही चूक इंधन चालू-बंद करण्याच्या तपासणीतूनही निसटते, कारण इंधन बंद केले की हा वायूही बंद होतो आणि शेजाऱ्याचे श्रेय मिळवणारा खळगा अगदी प्रामाणिकपणे खाली उतरतो.

उपाय दोन आहेत. कॅमेऱ्यापुढे ३.९ मायक्रोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा सोडणारा फिल्टर लावावा. भट्ट्यांच्या ज्वाळेतून आतल्या भिंतीचे तापमान पाहण्यासाठी असेच फिल्टर वापरतात, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ दोन्ही जवळजवळ पारदर्शक असतात. फिल्टर नसेल तर ताटली १८० अंशांत फिरवून तोच रन पुन्हा घ्यावा. खळग्याचे यश नमुन्याबरोबर फिरले तर ते नमुन्याचे. जागेवरच राहिले तर ते जागेचे. जागेचे असेल तर वायूखेरीज आणखी दोन कारणे संभवतात. वायू एका बाजूने आत येत असेल तर पहिल्या रांगेला ताजे इंधन मिळते आणि शेवटच्या रांगेला उरलेसुरले. शिवाय पुढच्या रांगांना आधीच तापलेली हवा मिळते. म्हणून प्रत्येक ताटलीत किमान तीन खळगे निष्क्रिय अल्फा-अ‍ॅल्युमिनाने भरून निरनिराळ्या ठिकाणी ठेवावेत, आणि एक परिचित उत्प्रेरक दोन दूरच्या खळग्यांत द्यावा. सोळांपैकी पाच खळगे यात खर्ची पडतात. विद्यार्थ्यांना हे जिवावर येते, पण हे पाच खळगे नसतील तर उरलेल्या अकरांवर विश्वास ठेवायला काहीच आधार राहत नाही.

पहिल्या तापवणीत दिसणारी उष्णता

काही नमुने पहिल्यांदा तापवताना जोरात उसळी घेतात आणि दुसऱ्यांदा शांत राहतात. हे उत्प्रेरकाचे काम नव्हे. सायट्रेट किंवा अ‍ॅसिटेट वापरून बनवलेल्या नमुन्यात सेंद्रिय अवशेष उरतात आणि २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान ते स्वतःच जळतात. उरलेले नायट्रेटही त्याच सुमारास विघटित होते. उसळी मोठी असते आणि ती नेमकी आपल्याला हव्या त्या तापमानाला येते, म्हणून फसवणूक पुरी होते. नमुने ताटलीत भरण्यापूर्वी चाचणीच्या कमाल तापमानाच्या किमान ५० अंश वर कोरड्या हवेत चार तास भाजून घ्यावेत आणि क्रमवारी नेहमी दुसऱ्या तापवणीवरूनच लावावी.

पाणी याहून अधिक लबाड आहे. गॅमा-अ‍ॅल्युमिना आणि झिओलाइट (अतिसूक्ष्म छिद्रांची खनिजे) हवेतील वाफ शोषताना उष्णता सोडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कॉम्प्रेसरची हवा इतकी दमट असते की सिलिंडरची कोरडी हवा बंद करून कॉम्प्रेसरची सुरू केली की कमी तापमानाला सगळे झिओलाइट नमुने एकदम ‘पेटतात’. त्यांच्यात काहीही पेटलेले नसते. हवा सिलिकाजेल आणि आण्विक चाळणी या पाणी शोषणाऱ्या दाण्यांतून नेणे, आणि चाचणीच्या मध्यात हवेचा स्रोत न बदलणे, एवढ्याने हे थांबते. उलट दिशेची गोष्टही ध्यानात ठेवावी : पॅलेडियम ऑक्साइडवरील मिथेनचे ज्वलन पाण्याच्या वाफेने मंदावते. एक टक्का मिथेन पूर्ण जळले की दोन टक्के वाफ तयार होते, आणि इंजिनाच्या धुरात तर ती त्याच्या कितीतरी पट असते. कोरड्या हवेत पहिला आलेला नमुना ओल्या धुरात पहिला येईलच असे नाही. चाळणीनंतर निवडलेल्या नमुन्यांची वाफ मिसळून फेरतपासणी करणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

थर्मोकपलची फसवणूक

कॅमेरा नसलेल्या प्रयोगशाळांत प्रत्येक खळग्यात थर्मोकपल घालून काम चालवतात आणि ते चांगले चालते, पण दोन गोष्टींनी पुष्कळांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. उघड्या प्लॅटिनम-ऱ्होडियम तारांचा थर्मोकपल इंधनमिश्रित हवेत वापरला, तर तो स्वतःच उत्प्रेरक ठरतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ साली प्लॅटिनमच्या तारेवर ज्वाळेविना होणारे ज्वलन दाखवले, ते हेच. हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड असेल तर अशा तारेवर ते अगदी कमी तापमानाला जळते आणि निष्क्रिय वाळूतही उष्णता दिसते. तारेवर सिलिकाचा लेप असावा, किंवा आवरणातला के प्रकारचा थर्मोकपल वापरावा. हेच थर्मोग्रॅव्हिमेट्रीतल्या, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजण्याच्या पद्धतीतल्या, प्लॅटिनमच्या पळ्यांना लागू आहे. काजळीच्या ज्वलनाचे मोजमाप त्यांच्यात करू नये, अ‍ॅल्युमिनाच्या पळ्या घ्याव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या नव्हेत, कारण तो धातू ६६० अंशांना वितळतो आणि उत्प्रेरकाविना काजळी त्याच सुमारास जळत असते.

दुसरी गोष्ट अचूकतेची. के प्रकारच्या साध्या थर्मोकपलला ४०० अंशांवर सुमारे ३ अंशांची चूक माफ असते. दोन निर्दोष थर्मोकपल एकमेकांपासून सहा अंश दूर असू शकतात, आणि आपण शोधतो आहोत चार अंश. सर्व थर्मोकपल एकाच तांब्याच्या ठोकळ्यात घालून चारपाच तापमानांवर त्यांचे आपसातले फरक लिहून घ्यावेत आणि पुढे प्रत्येक मापनातून ते वजा करावेत.

काजळी जाळणाऱ्या उत्प्रेरकांविषयी थोडेसेच. त्या कामात क्रमवारी बदलण्याचे कारण बहुधा औष्णिक नसते. काजळी आणि उत्प्रेरक खलात घोटले की नुसते चमच्याने मिसळले यावर ज्वलनाचे तापमान शंभर अंशांहून अधिक सरकू शकते. मिसळण्याची पद्धत, वेळ आणि तापवण्याचा वेग हे तिन्ही ठरवून टाकले की बरेच काम होते.

सावकाश मरणारे नमुने

ही तक्रार वेगळी : सर्व नमुने, चांगले आणि वाईट, रन-मागून-रन मंदावत जातात. आम्ही एक संपूर्ण उन्हाळा इंधनातल्या गंधकाला दोष देण्यात घालवला, सिलिंडर बदलले, गाळणी बदलल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची स्थिती होती. एक दिवस खिडकीची चौकट उघडली तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. गळती थांबवायला कोणीतरी आदल्या दिवशी सांध्यावर बाजारात मिळणारे सिलिकोन सीलंट लावले होते, आणि चौकशी केली तेव्हा कळले की तसे ते दर महिन्याला लावले जात होते. सिलिकोनची वाफ तापलेल्या धातूवर जळून सिलिकाचा थर बसवते आणि ज्वलनाचे उत्प्रेरक त्याने झाकले जातात. खाणींतील मिथेन ओळखणारे पेलिस्टर याच औष्णिक तत्त्वावर चालतात आणि तेही सिलिकोननेच मरतात; हे आम्हांला माहीत होते, तरी आपल्या सांध्याकडे पाहायचे सुचले नाही. सीलंट खरवडून ग्राफाइटची गॅस्केट बसवल्यावर नव्या ताटलीतले नमुने आठवडाभर स्थिर राहिले. नळ्यांची सिलिकोन रबरी जोडणी आणि सांध्यांवरचे सिलिकोन ग्रीस यांचीही याच नजरेने झडती घ्यावी.

कोणत्या तापमानाला तुलना करायची

सगळे दुरुस्त करूनही नमुने एकसारखेच दिसत असतील, तर बहुधा तापमान जास्त आहे. पेट घेतल्यानंतर, म्हणजे लाइट-ऑफ झाल्यानंतर, जळण्याचा वेग उत्प्रेरकाच्या गुणावर अवलंबून राहत नाही; इंधन पृष्ठभागापर्यंत किती वेगाने पोहोचते यावर तो ठरतो. तिथे उत्तम आणि मध्यम नमुन्यांची उष्णता सारखीच असते. उलट, फार कमी तापमानाला संकेत गोंधळात बुडतो. परिचित नमुन्याचे ज्वलन पाच ते पंधरा टक्क्यांत असेल तेवढ्याच तापमानपट्ट्यात क्रमवारी लावावी, मग तो पट्टा अरुंद असला तरी चालेल.

दिशाही महत्त्वाची आहे. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड स्वतःच जागा अडवून बसतो. तापमान वाढवताना तो एका क्षणी सुटतो आणि ज्वलन एकदम भडकते, पण तापमान उतरवताना ते त्याहून बऱ्याच खालपर्यंत टिकते. पॅलेडियमचे ऑक्साइड हवेत ८०० अंशांच्या आसपास धातूत बदलते आणि थंड होताना पुन्हा ऑक्साइड व्हायला खूपच कमी तापमान लागते. एकाने चढता रन घेतला आणि दुसऱ्याने उतरता, तर दोघांचीही मापने बरोबर असून क्रमवारी जुळणार नाही. आम्ही नेहमी चढत्या दिशेने, दहा-दहा अंशांच्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर पंधरा मिनिटे थांबून घेतो.

इतरांच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांसाठी एक स्थानिक बाब : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि इथला हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. साबणाच्या फुग्याच्या मापकाने मोजलेल्या १०० मिलिलिटरमध्ये मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी वायू असतो. आपल्याच नमुन्यांच्या क्रमवारीवर याचा परिणाम होत नाही, पण छापील लाइट-ऑफ तापमानाशी आपला आकडा जुळवताना ही दुरुस्ती करावी लागते.

सुरक्षेचे एकच सांगतो, कारण चालू-बंद करताना घाईत हात चुकतो. हवेत मिथेनची स्फोटाची खालची मर्यादा ५ टक्के आहे. आम्ही १ टक्क्याच्या वर कधीच जात नाही आणि मास फ्लो कंट्रोलरच्या (वायूचा प्रवाह ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाच्या) आधी अरुंद छिद्राची अडवणूक बसवली आहे, म्हणजे कंट्रोलर पूर्ण उघडा अडकला तरी प्रमाण त्या मर्यादेजवळ जात नाही. कार्बन मोनॉक्साइडचे सिलिंडर उघडण्याआधी खोलीतला सूचक चालू आहे हे प्रत्यक्ष पाहावे.

शेवटची पायरी टाळू नये. उष्णता किती निघाली हे कळले तरी इंधनाचे काय झाले हे कळत नाही. मिथेन पूर्ण जळले तर ८०२ किलोज्यूल. ते कार्बन मोनॉक्साइडपाशी अडले तरी सुमारे ५१९ किलोज्यूल निघतातच. विषारी वायू बनवणारा वाईट उत्प्रेरक चित्रात मध्यम उजळ, सभ्य दिसतो. चाळणीतून वर आलेले चार नमुने आणि मुद्दाम निवडलेला एक तळाचा नमुना, असे पाच नमुने नळीत भरून गॅस क्रोमॅटोग्राफवर किंवा अवरक्त वायू-विश्लेषकावर तपासावेत. तळाचा नमुना घेण्याचे कारण असे की चाळणीने चांगला नमुना फेकून दिला असेल तर तो तिथेच सापडतो. आमचा तीन नंबर असाच सापडला असता. पाचांचा क्रम दोन्हीकडे जुळला तर ताटली मान्य करावी. जुळला नाही तर नवे नमुने बनवायला घेऊ नयेत. भट्टी त्याच तापमानावर ठेवून, मिथेन बंद करून, पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करावी.